वेलगुलाब आणि भुरी

गुलाबाचे झाड म्हटले की, कमरेइतक्या उंचीचे, काटेरी व ताठ फांद्यांचे झुडूप बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु गुलाबाच्या कुळात असेही काही वंश आहेत, की ज्यांना झुडूप होऊन राहणे मुळी मानवतच नाही. त्यांच्या फांद्या दहा-दहा, पंधरा-पंधरा फूट लांब वाढतात, शेजारच्या झाडावर रेलतात, कुंपणावरून पलीकडे झेपावतात आणि आधार मिळेल तिकडे चढत जातात. फाटकावरील कमान, व्हरांड्याचा खांब किंवा अंगणातील मांडव अशा गुलाबाने झाकून गेला म्हणजे साध्या घरालाही शोभा येते. अशा गुलाबाला मराठीत ‘वेलगुलाब’ असे नाव पडले आहे.

वस्तुतः हा खरा वेल नव्हे. काकडीच्या वेलाला तणावे असतात. ते काठीभोवती गुंडाळून वेल वर चढतो. घेवड्याचा वेल स्वतःच आधाराला विळखे घालतो. वेलगुलाबाजवळ यांपैकी काहीच नाही. त्याच्याजवळ आहेत ते फक्त काटे. हे काटे खाली वाकलेल्या आकड्यांसारखे असतात. रानात लांब फांदी दुसऱ्या झाडाच्या डहाळ्यांत शिरली, की हे आकडे तेथे अडकतात आणि फांदी मागे घसरत नाही. फूल तोडणाऱ्याच्या बोटाला ज्यांचा राग येतो, ते काटे म्हणजे गुलाबाच्या चढणीच्या पायऱ्याच होत. घराच्या गुळगुळीत भिंतीवर मात्र या आकड्यांना अडकायला जागा नसते. म्हणून तेथे माणसाला त्याचा हात धरावा लागतो. फांदी बांधून द्यावी लागते, वळवावी लागते, आवरावी लागते.

वेलगुलाबाचे पूर्वज आशिया खंडातील डोंगरांत अजूनही आढळतात. हिमालयाच्या उतारांवर ‘रोझा ब्रुनोनी’ नावाचा पांढरा, सुगंधी रानगुलाब मोठमोठ्या झाडांवर चढलेला दिसतो. ईशान्येकडे मणिपूरच्या डोंगरांत सर जॉर्ज वॅट यांना १८८२ साली एक प्रचंड गुलाब दिसला. त्याच्या वेली उंच वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. पुढे १८८८ मध्ये ब्रह्मदेशातील शान टेकड्यांवर सर हेन्री कॉलेट यांनाही हाच गुलाब आढळला. त्याच्या विस्तारावरून त्याला ‘रोझा जायगँटिया’, म्हणजे राक्षसी गुलाब, असे नाव मिळाले. दक्षिणेत कोडाईकनाल येथे विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने याच गुलाबापासून उष्ण हवेत टिकतील अशा नव्या जाती निर्माण करण्यासाठी अनेक वर्षे परिश्रम केले.

या रानगुलाबांत एक उणीव असते. त्यांपैकी बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात. उलट चीनमधील बागांत पूर्वापार लावले जाणारे काही गुलाब पुन्हा पुन्हा फुलत, पण ते वाढीने लहान असत. एकाची चढण्याची शक्ती आणि दुसऱ्याची सतत फुलण्याची शक्ती एकत्र आणता येईल काय, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील बागवानांना झपाटले होते. त्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील चार्ल्सटन गावी जॉन चँप्नीज नावाच्या एका भातशेतीच्या मालकाच्या बागेत कस्तुरीगंधी गुलाब व चिनी गुलाब यांचा संकर होऊन एक नवा वेलगुलाब निपजला. पुढे त्याच्या संततीतून ‘न्वाझेत’ या नावाने ओळखली जाणारी वेलगुलाबांची एक शाखाच तयार झाली.

कधी कधी नवी जात संकराशिवायही मिळते. त्यासाठी डोळे मात्र उघडे असावे लागतात. ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ हा फिकट गुलाबी वेलगुलाब १९१० साली प्रसिद्ध झाला. तो वर्षातून एकदाच फुलत असे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील एका रोपवाटिकेत या जातीचे एक रोप हंगाम संपला तरी फुलतच राहिलेले आढळले. एखाद्याने ‘असते एखादे वेळी’ असे म्हणून ते सोडून दिले असते. पण तसे झाले नाही. त्या रोपाची कलमे करण्यात आली आणि १९३० साली ‘न्यू डॉन’, म्हणजे नवी पहाट, या नावाने तो गुलाब बाजारात आला. अमेरिकेत वनस्पतींना स्वामित्वहक्क देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला होता. त्या कायद्याखाली १९३१ साली पहिल्या क्रमांकाचा हक्क या गुलाबालाच मिळाला. बारकाईने पाहण्याची सवय किती मोलाची असते, याचे हे एक उत्तम उदाहरण आहे. वेलगुलाब वाढविणाऱ्याला याच सवयीची गरज पुढे पावलोपावली पडते.

महाराष्ट्राच्या पठारावर वेलगुलाब लावण्यास पावसाचा जोर ओसरल्यानंतरचा काळ चांगला. जागा निवडताना प्रथम ऊन पाहावे. दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळेल, आणि त्यातही सकाळचे ऊन मिळेल, अशी जागा उत्तम. सकाळचे ऊन पानांवरील दंव लवकर सुकविते. त्याचे महत्त्व पुढे ध्यानात येईलच. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन त्यात माती, चांगले कुजलेले शेणखत आणि ओंजळ-दोन ओंजळी निंबोळीची पेंड मिसळून भरावी. काळ्या, चिकट जमिनीत पाणी साचून राहते. तेथे थोडी वाळू व पालापाचोळ्याचे खत अधिक घालावे.

रोप अगदी भिंतीलगत लावण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. भिंतीच्या पायथ्याशी पागोळ्यांचे पाणी तरी साचते, किंवा छपराच्या आडोशामुळे पाऊस तेथे पोहोचतच नाही आणि माती कोरडी राहते. दोन्ही गोष्टी मुळांना घातक आहेत. म्हणून रोप भिंतीपासून दीड फूट दूर लावावे आणि त्याच्या फांद्या भिंतीकडे कलत्या न्याव्यात. भिंतीवर जाळी अथवा तारा बसवावयाच्या असतील, तर भिंत व जाळी यांत वीतभर मोकळी जागा ठेवावी. ही पोकळी व्यर्थ नसते. तिच्यातून वारा खेळतो.

बाजारातील गुलाबाचे रोप बहुधा डोळा भरून तयार केलेले असते. म्हणजे खालचा खुंट एका रानटी किंवा गावठी गुलाबाचा असतो आणि त्यावर इच्छित जातीचा डोळा बसविलेला असतो. जोडाच्या खालून जोमदार फूट निघाली, की नवखा माणूस आनंदून जातो. परंतु ती फूट खुंटाची असते. तिला वाढू दिले तर ती वरच्या कलमाचे अन्न खाते, आणि दोन वर्षांत मूळ जात नाहीशी होऊन केवळ खुंटच शिल्लक राहतो. अशी फूट दिसताच माती उकरून ती उगमापाशी तोडून टाकावी.

पहिली दोन-तीन वर्षे वेलगुलाबाची कडक छाटणी करू नये. त्या काळात त्याला लांब, निरोगी फांद्या करू द्याव्यात. त्या कशा बांधाव्यात, यात वेलगुलाबाच्या बहराचे खरे रहस्य आहे. फांदी सरळ उभी ठेवली तर ती उंच वाढत जाते आणि तिच्या टोकालाच चार फुले येतात. याचे कारण असे, की फांदीच्या शेंड्यावरील कोंब एक विशिष्ट द्रव्य निर्माण करतो. ते खाली उतरत जाते आणि बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. तीच फांदी वाकवून आडवी अथवा पंख्याच्या आकारात तिरपी बांधली, म्हणजे शेंड्याची ही सत्ता ढिली पडते. फांदीवरील जवळजवळ प्रत्येक डोळा जागा होतो, त्यातून लहान फूट निघते आणि तिच्या टोकास फुले येतात. जी फांदी उभी असताना चार फुले देत होती, तीच आडवी होताच टोकापासून बुंध्यापर्यंत फुलते. बांधण्यासाठी सुतळी किंवा काथ्या वापरावा आणि तोही सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन. तारेने आवळलेली फांदी जाड होऊ लागली, की तार तिच्या सालीत रुतते.

इतकी मेहनत घेतल्यावर पावसाळा संपतो, ऑक्टोबरात हलकी छाटणी होते, आणि नव्या, तांबूस, लुसलुशीत फुटीने वेल भरून जातो. कळ्या धरू लागतात. नेमक्या याच सुमारास, कार्तिक-मार्गशीर्षातील थंडीत, एके सकाळी कोवळ्या पानांवर पीठ सांडल्यासारखे डाग दिसू लागतात. बोटाने पुसले तर ते निघतात. दोन दिवसांनी पुन्हा दिसतात. पाने वरच्या बाजूस मुडपतात, त्यांवर जांभळट छटा येते. कळ्यांचे देठ पांढरे पडतात; काट्यांच्या मुळाशीही तोच थर चढतो. ज्या कळ्या पुऱ्या माखतात त्या उमलतच नाहीत. वर्षभराची आशा अशी उंबरठ्यावर येऊन थबकते. या रोगाला शेतकरी ‘भुरी’ म्हणतात.

भुरी ही एक बुरशी आहे. गुलाबावरील भुरीचे शास्त्रीय नाव ‘पोडोस्फेरा पॅनोसा’. ती परोपजीवी आहे, म्हणजे जिवंत पानावाचून ती वाढू शकत नाही. तिचे धागे पानाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि ठिकठिकाणी सूक्ष्म शोषक अवयव पानाच्या बाह्यत्वचेत खुपसून पेशींतील अन्नरस ओढून घेतात. धाग्यांवर उभ्या माळांसारखी असंख्य बीजुके तयार होतात. बीजुक म्हणजे बुरशीचे अतिसूक्ष्म बी. डोळ्यांना दिसणारे पांढरे पीठ ते हेच. वाऱ्याच्या झुळकेबरोबर ती बीजुके दुसऱ्या पानावर जाऊन पडतात. हवा अनुकूल असेल, तर बीजुक रुजून त्याच्यापासून पुन्हा नवी बीजुके निर्माण होण्यास आठवडाही लागत नाही. एका डागाची दहा पाने होतात ती अशी.

भुरीविषयी एक समज सर्वत्र आढळतो. बुरशी म्हटली की ओल आली. म्हणून भुरी पावसामुळे येत असली पाहिजे, असे लोकांना वाटते. मोठी गंमत अशी, की वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. बुरशीमुळे होणारा काळ्या ठिपक्यांचा रोग पाने ओली राहिल्याने वाढतो आणि म्हणून पावसाळ्यात बळावतो. परंतु भुरीची बीजुके पाण्याच्या थेंबात नीट रुजत नाहीत. जोराचा पाऊस तर त्यांना धुऊन काढतो. त्यांना हवी असते दमट हवा आणि कोरडे पान. पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या आसपासची थंड व दमट रात्र आणि त्यानंतर सत्तावीस अंशांच्या आसपासचा कोरडा, उबदार दिवस ही भुरीची आवडती हवा होय. रात्रीच्या दमट हवेत बीजुके रुजतात, दिवसाच्या कोरड्या हवेत ती पिकून उडतात. पठारावरील नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ नेमका असाच असतो. ज्या हवेत गुलाब सर्वांत सुंदर फुलतो, तीच हवा त्याच्या शत्रूलाही मानवते.

मग एकाच गल्लीतील दोन बागांपैकी एकीत भुरी येते आणि दुसरीत येत नाही, हे कसे? हवा तर दोन्हीकडे तीच असते. या प्रश्नाचे उत्तर बागेची रचना व निगा यांत सापडते. फांद्यांची गर्दी झाली आणि वेल भिंतीला चिकटून राहिला, की त्याच्या पोटात वारा शिरत नाही. तेथील हवा रात्रभर दमट राहते. मुळाशी माती कोरडी पडली, की झाडाची ताकद घटते आणि भुरी त्याच्यावर लवकर मात करते. फुले लवकर यावीत या हव्यासाने युरियासारखे नत्रयुक्त खत भरपूर घातले, की फूट अतिशय कोवळी, रसरशीत व पातळ त्वचेची येते. भुरी जुन्या, निबर पानांच्या वाटेस फारशी जात नाही. तिला कोवळे पान लागते. म्हणजे नत्राची ओंजळ गुलाबापेक्षा भुरीलाच अधिक पोसते. सायंकाळी झारीने वेलावर पाणी शिंपडण्याची सवयही अशीच. त्यामुळे रात्रीची हवा अधिक दमट होते.

जातीचाही प्रश्न असतो. १९०१ साली अमेरिकेत ‘डोरोथी पर्किन्स’ नावाचा एक वेलगुलाब प्रसिद्ध झाला. लहान, गुलाबी फुलांचे त्याचे घोस इतके मोहक होते, की थोड्याच वर्षांत इंग्लंडमधील असंख्य घरांच्या कुंपणांवर तो झळकू लागला. परंतु त्याच्यावर भुरी इतकी हटकून येई, की त्याचे नाव काढताच जाणत्या माळ्याला पांढरी पाने आठवत. रूप पाहून रोप निवडणाऱ्याने त्याची प्रकृतीही विचारून घ्यावी, हा धडा त्या गुलाबाने बागवानांना दिला. जाड, चकचकीत व गुळगुळीत पानांच्या जाती बहुधा भुरीला अधिक चांगला विरोध करतात.

भुरीवरील औषधाचा शोध लागण्यास द्राक्षवेलींवरील संकट मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. १८४५ साली इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील मार्गेट या गावी एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचगृहातील द्राक्षवेलींवर पांढरा थर दिसला. तो रोग तेथे नवीन होता. टकर हा काही विद्वान शास्त्रज्ञ नव्हता. परंतु हा थर पीच झाडांवर पडणाऱ्या भुरीसारखा आहे, हे त्याने ओळखले. पीचवरील भुरीसाठी गंधक वापरीत असत. मग त्याने द्राक्षवेलींवर गंधक व चुना यांचे मिश्रण वापरून पाहिले आणि त्याला यश आले. १८४७ साली बर्कली नावाच्या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाने या बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तिला टकरचेच नाव दिले.

तोपर्यंत हा रोग समुद्र ओलांडून फ्रान्सकडे निघाला होता. द्राक्षमद्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा हजारो कुटुंबांवर अरिष्ट कोसळले. १८५४ साली फ्रान्समधील द्राक्षमद्याचे उत्पादन चार वर्षांपूर्वीच्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर आले. पुढे वेलींवर गंधकाच्या बारीक भुकटीची धुरळणी करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली, तेव्हा कोठे बागा सावरल्या. आजही नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागाईतदार भुरीविरुद्ध गंधकाचा उपयोग करतात. द्राक्षावरील भुरी आणि गुलाबावरील भुरी या एकाच कुळातील, पण निरनिराळ्या बुरश्या आहेत. एकीची बीजुके दुसरीच्या यजमानावर वाढत नाहीत. गंधक मात्र दोघींनाही आवरते.

घरच्या बागेत भुरी आढळली असता उपायांचा क्रम ठरलेला असावा. पहिल्या दोन-चार डागांच्या वेळीच रोगट शेंडे व कळ्या कातरून घ्याव्यात आणि त्या बागेत न टाकता पिशवीत बंद करून बाहेर काढाव्यात. बुरशीचे धागे डोळ्यांच्या आवरणांत लपून राहतात व पुढच्या फुटीबरोबर पुन्हा जागे होतात. म्हणून छाटणीच्या वेळीही रोगट टोके राहू देऊ नयेत. त्यानंतर वेलाच्या पोटातील जुन्या, निरुपयोगी व एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढून वाऱ्याला वाट करून द्यावी. आळ्यात खोलवर पाणी द्यावे व त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे. नत्रयुक्त खत काही काळ थांबवावे. रोग हलका असेल, तर सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत. दुपारपर्यंत ती वाळली पाहिजेत. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

एवढ्याने न भागल्यास गंधक. पाण्यात विरघळल्यासारखे मिसळणारे, ऐंशी टक्के गंधक दर लिटर पाण्यास दोन ग्रॅम या प्रमाणात घेऊन दहा-बारा दिवसांच्या अंतराने पानांच्या दोन्ही अंगांवर फवारतात. गंधक मुख्यतः नव्या बीजुकांना रुजू देत नाही. मुडपलेले पान ते पुन्हा सरळ करू शकत नाही. म्हणून ते रोगाच्या आरंभीच वापरावयाचे असते. हवा बत्तीस अंशांहून अधिक तापलेली असताना फवारले तर पाने करपतात, आणि निंबोळी तेलासारखे कोणतेही तेल फवारल्यावर दोन आठवडे लोटेपर्यंत गंधक वापरीत नाहीत. फवारणी मोठ्या माणसांनी, डब्यावरील सूचना वाचून, नाकातोंडाला फडके बांधून व हातमोजे घालूनच करावी.

दूधही या रोगावर उपयोगी पडते, हे ऐकून नवल वाटेल. ब्राझीलमधील शास्त्रज्ञ वाग्नर बेत्तिओल यांनी काकडीच्या कुळातील झुकिनी या फळभाजीवरील भुरीवर पाणी मिसळलेल्या गाईच्या दुधाचे प्रयोग केले आणि १९९९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दूध व पाणी यांचे मिश्रण दर आठवड्याला फवारल्याने रोग आटोक्यात राहिला. एक भाग दूध व नऊ भाग पाणी या प्रमाणात पुष्कळ बागप्रेमी गुलाबावरही हा उपाय करून पाहतात. तोही रोगाच्या आरंभीच करावा लागतो.

रोग आल्यावर औषध शोधण्यापेक्षा रोगाला दाद न देणारी जात निर्माण करणे हा अधिक दूरदृष्टीचा मार्ग आहे. भारतात या मार्गाने जाणाऱ्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव अग्रभागी आहे. गव्हावर पडणारा तांबेरा हाही बुरशीचाच रोग. तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्याला तोंड देणारी ‘एन. पी. ८०९’ ही गव्हाची जात १९५४ साली बाहेर पडली, ती त्यांच्या दीर्घ संशोधनाचे फळ होय. १९६५ साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. या कामाच्या व्यापातही त्यांनी गुलाबाच्या अनेक नव्या जाती निर्माण केल्या आणि ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला; तो १९६६ साली प्रसिद्ध झाला. अन्न देणारा गहू आणि आनंद देणारा गुलाब या दोघांकडे त्यांनी एकाच शास्त्रीय दृष्टीने पाहिले.

भुरीने गुलाब सहसा मरत नाही. जिवंत पानावरच जगणारी बुरशी आपल्या यजमानाला संपवीत नाही. ती त्याचा बहर हिरावून घेते. म्हणून वेलावर पांढरा डाग दिसताच तो उपटून टाकण्याचे कारण नाही, आणि डोळे मिटून औषधांचा मारा करण्याचेही नाही. वेलाला ऊन किती मिळते, वारा कोठे अडतो, मुळाशी ओल आहे की नाही, खत कोणते पडले, हे जो रोज सकाळी एक फेरी घालून पाहतो, त्याला भुरी पहिल्या पानावरच भेटते. त्या वेळी कातरीचा एक काप पुरेसा होतो. आठ दिवसांनी पाहणाऱ्याला मात्र फवारणीचा पंप काढावा लागतो.

स्वाध्याय

(१) पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) वेलगुलाबाला खरा वेल का म्हणता येत नाही?
(आ) फांदी आडवी बांधल्याने अधिक फुले का येतात?
(इ) भुरी पावसाळ्यात कमी व हिवाळ्यात अधिक का आढळते?
(ई) नत्रयुक्त खत अधिक घातल्याने भुरी का वाढते?

(२) एडवर्ड टकरने नव्या रोगावर उपाय कसा शोधला, ते आपल्या शब्दांत सांगा.

(३) पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
दाद न देणे, झपाटले जाणे, अरिष्ट कोसळणे, हिरावून घेणे.

(४) ‘मग एकाच गल्लीतील दोन बागांपैकी एकीत भुरी येते आणि दुसरीत येत नाही, हे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर पाठाच्या आधारे मुद्द्यांच्या रूपाने लिहा.

(५) शाळेच्या किंवा घराजवळच्या बागेतील एका झाडाचे पंधरा दिवस रोज सकाळी निरीक्षण करा. पाने, फूट, कळ्या, दंव व ऊन यांविषयी दिसलेले बदल तारीखवार वहीत नोंदवा.